काढलेलं ऑइल कुठे गेलं?

सर्व्हिसिंगचं बिल हातात पडलं की नजर आधी ऑइलच्या रकमेवर जाते. कोणत्या कंपनीचं घातलं, सिंथेटिक की साधं, किती लिटर, डबा आपल्यासमोर फोडला का, अशी सगळी उलटतपासणी होते. त्याच वेळी इंजिनातून साडेतीन-चार लिटर काळा द्रव बाहेर आलेला असतो. त्याचं काय झालं हे बिलात नसतं, आणि आपणही विचारत नाही.

गाडीच्या देखभालीविषयी आपल्याकडे जे समज आहेत त्यांचे सरळ दोन गट पडतात. गाडीत काय घालावं याबद्दलचे समज बहुतेक एकेकाळी खरे होते. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या जमान्यात ते घडले. गाड्या बदलल्या, सल्ले तेच राहिले. गाडीतून निघालेलं कुठे टाकावं याबद्दलचे समज मात्र तेव्हाही खोटे होते. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, हे दोन्ही गट गॅरेजच्या दारात एकत्र भेटतात.

"पावसाआधी खालून जळकं ऑइल मारून घ्या, गंज धरत नाही"

कोकणात आणि गोव्यात हा सल्ला इतक्या आत्मविश्वासानं दिला जातो की नाही म्हणणारा माणूसच अडाणी ठरतो. गाडी रॅम्पवर चढवायची, जळक्या ऑइलात थोडं डिझेल मिसळून पातळ करायचं आणि कॉम्प्रेसरनं तळभर फवारायचं. खाऱ्या हवेत पत्रा लवकर सडतो हे खरं, आणि तेलाचा थर पाणी काही काळ अडवतो हेही खरं. म्हणून तर हा समज इतकी वर्षं टिकला.

पण गाडीच्या पोटाखाली नुसता पत्रा नसतो. सस्पेन्शनचे बुश, ॲक्सलचे बूट, ब्रेकचे होज, इंजिनाचे माउंटिंग हे सगळं रबर आहे. पेट्रोलियम तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि नंतर चिरतं. पत्रा वाचवायला गेलेला माणूस दिवाळीत बुश बदलत बसतो आणि दोष रस्त्यातल्या खड्ड्यांना देतो. शिवाय जळक्या ऑइलात इंधन जळताना तयार झालेली आम्लं उतरलेली असतात, म्हणजे गंजापासून वाचवायला आपण लोखंडाला थोडं आम्लच फासतो. त्या चिकट थरावर लाल चिखल बसतो, दाराखालच्या पट्टीतली पाणी निघायची बारीक भोकं बुजतात, आणि पाणी आत साचून पत्रा आतून कुजतो. गरम सायलेन्सरवर उडालेलं ऑइल धुमसतं, तो धोका वेगळाच.

मुख्य म्हणजे ते ऑइल गाडीला चिकटून राहत नाही. पहिल्या दोन-चार जोरदार सरींत त्यातलं बरंचसं रस्त्यावर उतरतं, तिथून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून भाताच्या खाचरात. कोकणातला जांभा सच्छिद्र आहे. त्यावर सांडलेलं फार दूर वाहून जायची गरजच पडत नाही. ते खाली मुरतं, आणि खाली विहीर असते.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. तळ पाण्याच्या दाबानं स्वच्छ धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, भोकं मोकळी करायची आणि मग मेणाचा किंवा रबराइज्ड थर मारून घ्यायचा. समुद्रकाठी राहत असाल तर पाऊस संपल्यावर तळ पुन्हा धुवायचा. आजच्या बहुतेक गाड्यांची बॉडी कारखान्यातच गंजरोधक प्राइमरच्या हौदातून निघालेली असते, त्यामुळे आजोबांच्या जीपला जितकी गरज होती तितकी तुमच्या हॅचबॅकला नाही.

"ऑइल काळं पडलं, म्हणजे संपलं"

डिझेल गाडीचं नवं ऑइल काही शे किलोमीटरांत काळंकुट्ट होतं. ते खराब झालं म्हणून नाही, तर काम करतंय म्हणून. ऑइलात मिसळलेली डिटर्जंट द्रव्यं इंजिनातली काजळी सोडवतात आणि तरंगत ठेवतात, जेणेकरून ती कुठे थर धरून बसू नये. बरेच दिवस सोनेरीच राहिलेल्या ऑइलबद्दल उलट जरा शंका घ्यायला हरकत नाही. रंगाची भीती बाळगायची असेल तर ती दुधाळ रंगाची बाळगा. डिपस्टिक काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय, आणि गाडी तिथेच थांबवलेली बरी.

ऑइल बदलायचं कधी, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आज बऱ्याच पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असा हिशेब असतो. गाडी धुळीत, सततच्या ट्रॅफिकमध्ये किंवा फक्त दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांना वापरत असाल तर थोडं लवकर. पण "पाच हजारांत बदललं की इंजिन खूश" हा सल्ला जुन्या खनिज ऑइलचा आहे. आता तो पाळणारा माणूस इंजिनाचं विशेष भलं करत नाही. वर्षाकाठी चार लिटर जास्तीचा घातक कचरा तेवढा तयार करतो.

याचाच भाऊ म्हणजे "उन्हाळ्यात जाड ऑइल घाला". चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा हा सल्ला सहज पटतो. पण इंजिनाच्या आतलं तापमान बाहेरच्या उन्हावर ठरत नाही. थर्मोस्टॅट ते नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो, नागपूरच्या मेमध्येही आणि निफाडच्या जानेवारीतही. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० या आकड्यांतला पहिला भाग थंडीत सुरू होतानाचं वागणं सांगतो आणि दुसरा गरम इंजिनातला दाटपणा. दोन्ही ऋतूंची सोय एकाच डब्यात केलेली असते. नव्या इंजिनांतल्या तेलाच्या वाटा अरुंद आहेत, त्यांत २०डब्ल्यू-५० ओतलं तर ते वेळेवर पोचत नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांना, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, तर कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. साधं घातलं की राख डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते, आणि तो बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

"तेल जमिनीतूनच आलंय, जमिनीत गेलं तर बिघडलं काय?"

हा युक्तिवाद ऐकायला तत्त्वज्ञानासारखा वाटतो, आणि तो सगळ्यात महाग पडणारा आहे. जमिनीतून आलं ते कच्चं तेल, तेही शेकडो-हजारो मीटर खालून. इंजिनातून बाहेर येतं ते वेगळंच रसायन असतं. त्यात झिजलेल्या धातूंचे कण असतात, झीज थांबवण्यासाठी घातलेली जस्त आणि फॉस्फरसची संयुगं असतात, अर्धवट जळलेलं इंधन असतं आणि ज्वलनातून तयार झालेली बहुचक्रीय हायड्रोकार्बनं असतात. यांतली काही कर्करोगकारक आहेत. म्हणूनच गॅरेजमधल्या पोरानं दिवसभर कोपरापर्यंत काळ्या ऑइलात हात घालणं ही कौतुकाची गोष्ट नाही. त्याला नायट्राइलचे हातमोजे द्यायला फार पैसे पडत नाहीत.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं एक वाक्य जगभर वापरलं जातं: एका गाडीच्या एका वेळच्या ऑइलनं दहा लाख गॅलन गोडं पाणी नासू शकतं. हा आकडा कमाल शक्यतेचा आहे, प्रत्येक थेंबाचा हिशेब नव्हे. पण त्यामागचं कारण डोळ्यांनी दिसतं. डबक्यावर एक थेंब पडला तरी इंद्रधनुष्यी तवंग भराभर पसरतो. तो थर हवेतला प्राणवायू पाण्यात उतरू देत नाही.

आपल्या भूगोलात हा प्रश्न आणखी चिघळतो. देशावरचा काळा कातळ स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. वर सांडलेलं तेल मुरमातून खाली सरकतं आणि भेग सापडली की त्याच पाण्याला जाऊन मिळतं. शहरात वाट अजून सोपी आहे. पावसाळी गटार आणि मैलापाण्याची वाहिनी या दोन निराळ्या गोष्टी असतात, किमान कागदावर. पावसाळी गटाराचं पाणी कोणत्याही प्रकल्पातून न जाता थेट नाल्यात उतरतं. पुण्यात गॅरेजसमोरच्या गटारात ओतलेलं ऑइल नाल्यातून मुळा-मुठेत जातं, तिथून भीमेत, भीमेतून उजनीत. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. मैलापाण्याच्या वाहिनीत ओतलं तरी सुटका नाही, कारण शुद्धीकरण प्रकल्पातलं काम जिवाणू करतात आणि ऑइल त्यांनाच मारक ठरतं.

परिणाम बघायला इतक्या लांब जायचीही गरज नाही. जूनच्या पहिल्या सरीत दुचाकी धडाधड घसरतात. उन्हाळाभर रस्त्यावर ठिबकलेलं ऑइल आणि रबराचा चुरा पाण्यावर तरंगून वर येतो, आणि अग्निशमन दलाचे जवान चौकाचौकांत माती टाकत फिरतात. ते ऑइल कुणाच्या तरी गळक्या सीलमधूनच आलेलं असतं. पार्किंगच्या जागी रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवला की सकाळी आपली गाडी गळते का ते कळतं. काळा डाग इंजिन ऑइलचा, लालसर बहुधा गिअर किंवा स्टिअरिंगचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा. नुसतं स्वच्छ पाणी पडलं असेल तर घाबरू नका, ते एसीचं आहे.

मग येतात जळक्या ऑइलचे घरगुती उपयोग. लाकडाच्या खांबाला वाळवी लागू नये म्हणून फासणं, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे गुरांच्या अंगावर गोचीड-खरजेसाठी चोपडणं. गुरं अंग चाटतात, एवढं एक वाक्य पुरे. सेंट्रिंगला लावायला वेगळं शटरिंग ऑइल मिळतं, आणि लाकडासाठी तर कोकणात काजूच्या टरफलांच्या तेलासारखी उत्तम जुनी वस्तू हाताशी आहे.

"गॅरेजवाला पिंपात साठवून विकतो, म्हणजे रिसायकल होतंच की"

अर्धं खरं. वापरलेलं ऑइल खरोखर पुन्हा ऑइल होऊ शकतं. ऑइल झिजत नाही, ते मळतं आणि त्यातली पूरक द्रव्यं संपतात. त्यातलं पाणी आणि इंधन उडवून, निर्वात ऊर्ध्वपातन करून आणि शेवटी रंग-वास काढून पुन्हा बेस ऑइल मिळवता येतं. त्याच अमेरिकन संस्थेच्या हिशेबानं जेवढं वंगण काढायला ४२ गॅलन, म्हणजे साधारण १५९ लिटर कच्चं तेल लागतं, तेवढं एका गॅलन वापरलेल्या ऑइलातून निघतं. एवढी किंमत आहे म्हणूनच पिंप फुकट जात नाही, विकलं जातं.

प्रश्न आहे तो कुणाला. परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेलं तर उत्तम. पण ज्याला जळण म्हणून स्वस्तात हवंय तोही गिऱ्हाईक असतो, आणि भट्टीत जळताना त्यातले धातू धुरातून गावात उतरतात. तिसरं गिऱ्हाईक ते गाळून, रंग सुधारून, नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरणारं. म्हणून रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नये, भोक पाडून किंवा कापून टाकावा. आपला डबा आपल्याच शेजाऱ्याला नकली ऑइल विकायला वापरला जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

कायदा मुका नाही. घातक व इतर कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. जलप्रदूषण प्रतिबंधाच्या १९७४ च्या कायद्याचं कलम २४ नदी, विहीर, गटार आणि जमीन या सगळ्यांतच प्रदूषक टाकायला मनाई करतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून वंगण बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर ऑइल परत घेऊन त्याची पुनर्प्रक्रिया करवण्याची जबाबदारी आली. सुरुवात पाच टक्क्यांपासून, पुढे वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत. माझ्या मते ही पायरी फार सावध आहे. उरलेल्या अर्ध्या ऑइलचं काय, याचं उत्तर त्यात नाही. पण आजवर कंपनीची जबाबदारी डबा विकला की संपत होती, ती आता संपत नाही, हा फरक छोटा नाही.

तुमच्या हातात काय आहे? घरी स्वतः ऑइल बदलत असाल तर काढलेलं ऑइल नव्या ऑइलच्याच डब्यात भरा आणि झाकण घट्ट लावा. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल किंवा थिनर मिसळू नका, कारण भेसळ झालेल्या ऑइलची पुनर्प्रक्रिया अवघड होते आणि ते शेवटी जाळलंच जातं. फिल्टर उलटा करून निदान रात्रभर निथळू द्या. कोरडा दिसला तरी त्यात बरंच ऑइल असतं. मग तो डबा अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा ज्याच्याकडे परवानाधारक उचल होते अशा गॅरेजला द्या. कोण उचलतं, पावती असते का, हे विचारा. परवानाधारकांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. गॅरेजवाला पहिल्यांदा तुमच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघेल. बघू द्या.

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? रेडिएटरला पाणी पुरे"

कूलंट गोठण्यापासून वाचवतं हे त्याचं एक काम, आपल्याला जवळजवळ निरुपयोगी. (लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी मात्र निघण्यापूर्वी मिश्रणाचं प्रमाण तपासून घ्यावं.) बाकीची कामं आपल्यासाठीच आहेत. दाबबंद यंत्रणेत अर्धं-अर्धं मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही, ॲल्युमिनियमच्या हेडला गंज चढू देत नाही आणि वॉटर पंपाला सांभाळतं. बोअरचं क्षारयुक्त पाणी घातलं तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तोच पांढरा थर धरतो जो गिझरच्या कॉइलवर धरतो.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व काढून फेकणं हा आपल्याकडचा खास उपाय. त्यानं काटा खाली येतो, हे खरं. पण इंजिन कायम गार राहतं, संगणकाला वाटतं गाडी नुकतीच सुरू झालीय, तो जास्त इंधन सोडत राहतो आणि ऑइलात गाळ जमतो. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडीच राहिल्यानं पाणी रेडिएटरकडे नीट जातच नाही आणि गाडी उलट जास्त तापते. मूळ दोष, म्हणजे बुजलेला रेडिएटर, गेलेला पंखा किंवा ढिलं झाकण, तिथेच असतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका हे सांगायला नको, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी भाजतंच.

काढलेलं कूलंट हा ऑइलपेक्षा सोज्वळ दिसणारा आणि म्हणून जास्त फसवा द्रव आहे. रंग सरबताचा, चव गोड. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं की शरीर त्याचं ऑक्झॅलेट करतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. अंगणात सांडलेलं कुत्रं-मांजर चाटून मरतं, आणि लहान मुलाला तो गुलाबी द्रव सरबतापेक्षा काही वेगळा वाटत नाही. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कूलंट साठवण्यासारखी भयंकर सवय नाही. कुणाच्या पोटात गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठावा; उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. काढलेलं कूलंटही बंद डब्यात, ऑइलपासून वेगळं, गॅरेजकडेच द्यायचं.

"ब्रेक ऑइल गळत नाही तोवर बदलायचं नसतं"

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. झाकण लावलेलं असलं तरी होजमधून, टाकीच्या फटीतून, हळूहळू. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात तर आनंदानं. नव्या डॉट-४ ब्रेक ऑइलनं किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक सांगतं, तेच ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. डॉट-३ साठी हे आकडे २०५ आणि १४०. आता आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवून बघा. डिस्क तापते, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, त्यातल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल सरळ जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. उतारावर खालचा गिअर ठेवावा हे एसटीचे जुने चालक सांगायचे ते याचसाठी. दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाआधी, ब्रेक ऑइल बदलावं. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरू नये, कारण तोही पाणी पिऊन बसलेला असतो. बॉनेटवर सांडू देऊ नका, रंग उचलून काढतं.

"उन्हाळ्यात टायरात हवा कमी ठेवा, नाहीतर फुटतात"

उलट. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात, त्या वाकण्यानंच टायर तापतो आणि फुटतो. चालल्यावर दाब चार-पाच पीएसआयनं वाढणार हे बनवणाऱ्यानं आधीच धरलेलं असतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा सकाळी, गार टायरवर भरायचा. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरनं तासनतास जाणार असाल तर हे कटाक्षानं. नायट्रोजनचं कौतुक चालू द्या, पण साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. पावसासाठी हवेपेक्षा टायरवरच्या खाचेची खोली महत्त्वाची: कारला किमान १.६ मिलिमीटर.

"पाण्यात बंद पडली तर पुन्हा एकदा सेल्फ मारून बघा"

बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि दोघांच्या भांडणात कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपन्याही पाण्यात सेल्फ मारल्यानं झालेलं इंजिनाचं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत सहसा देत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा गाडीत बसून राहिलेल्यांतले काही जण गुदमरून गेले. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं की गाडी सोडायची, हा त्या दिवसाचा धडा.

पुरातून निघालेल्या गाडीचे सगळेच द्रव संशयित असतात: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा बाजारपेठेतल्या किती गाड्यांतून असं दुधाळ ऑइल काढावं लागलं असेल, आणि ते कुठे गेलं असेल, याचा हिशेब माझ्या वाचनात आलेला नाही. पुराच्या चिखलात तो कुणी मागणंही कठीण. पण पूररेषेतल्या शहरांत गाळ काढण्याच्या तयारीबरोबर दोन-चार पिंपांची तयारी ठेवणं एवढं अवघड नसावं.

काही गोष्टी भराभर

"थंडीनं बॅटरी मेली" असं डिसेंबरात ऐकू येतं. तिला मारलेलं असतं मेमधल्या उन्हानं. थंडीत फक्त निदान होतं. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, आरओचं नव्हे. जुनी बॅटरी दुकानदाराला द्या, तो नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी ठेवून अधिकृत संकलनाकडेच देणं हे तुमचंही कर्तव्य आहे. कुठल्यातरी शेडमध्ये आम्ल जमिनीवर ओतून शिसं वितळवणाऱ्याच्या हाती ती लागली, तर त्याच्या शेजारची मुलं ते शिसं श्वासातून घेतात.

"एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो" हे चूक. ती बंद यंत्रणा आहे. गॅस कमी झाला तर तो गळलाय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा हवेत जाणार. बऱ्याच गाड्यांत असलेला आर-१३४ए हा वायू तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. पावसात काच धुरकटली तर एसी बंद करू नका, चालू करा. तो हवेतला ओलावाच काढत असतो.

बीएस-६ ट्रक-बसमध्ये आणि काही मोठ्या डिझेल गाड्यांत एक्झॉस्ट स्वच्छ करणाऱ्या डीईएफ या द्रवाची वेगळी टाकी असते. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाणी. "युरियाच तर आहे" म्हणून शेतातला युरिया विरघळवून ओतणारे आहेत. आपल्याकडच्या खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. शेतात तो फायद्याचा, एक्झॉस्टमधल्या उत्प्रेरकाचा मात्र घात करतो.

"डबक्यात जळकं ऑइल टाका, डास मरतात"

हा शेवटी ठेवला, कारण तो पूर्ण खोटा नाही. तेलाचा तवंग आला की डासाच्या अळीला श्वास घेता येत नाही आणि ती मरते. डासप्रतिबंधक मोहिमांत अळीनाशक तेल वापरण्याची जुनी परंपरा आहे, आणि डेंग्यूच्या सरकारी पत्रकांतही रॉकेल किंवा टाकाऊ ऑइल टाकायचा सल्ला वाचायला मिळतो. पण त्यासाठी मुद्दाम बनवलेलं तेल निराळं आणि धातूंनी भरलेलं इंजिन ऑइल निराळं. ज्या यंत्रणेच्या नियमांत एका हातानं हा घातक कचरा ठरतो, तिनंच दुसऱ्या हातानं तो विहिरीशेजारच्या डबक्यात ओतायला सांगावं, हे पत्रक लिहिणाऱ्यांनी एकदा तपासून घ्यायला हवं. हटवता न येणाऱ्या पाण्यात सोडायला आरोग्य विभागाकडे गप्पी मासे मिळतात. हटवता येणारं पाणी आठवड्यातून एकदा उपसून टाकायचं, त्यालाच कोरडा दिवस म्हणतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा पुरतो. आणि डेंग्यूचा डास ज्या जागा सर्वांत आधी शोधतो त्यांत गच्चीवर पडलेले जुने टायर येतात. नवे टायर बसवताना जुने "असू देत, कधी लागतील" म्हणून घरी आणू नका. तेही आता परत घेण्याच्या नियमात आहेत; दुकानातच ठेवून या.